थोडं कॉलेज

सीडर रॅपिड्सला आज ओट्स भाजल्याचा वास आहे.
वारा कारखान्याकडून आला की
अख्खं गाव न्याहारीला बसल्यासारखं वाटतं,
मग संध्याकाळचे साडेसात का वाजेनात.
माझ्या केसांना तो वास बारमाही.
आठ तास मी तिथे दाण्यातली ओल मोजते.

ऋजुतानं टेबलावरची कोथिंबीर बाजूला सारली,
लॅपटॉप उघडला, म्हणाली,
"आई, मी कुठली परीक्षा घेऊ?"
घेऊ नाही गं, देऊ.
परीक्षा आपण देतो. घेणारे वेगळे असतात.
"बरं. कुठली देऊ?"
आणि आता मला उत्तर येईना.

एक सॅट, एक एसीटी.
एकीत घड्याळ जरा दमानं घेतं, पण प्रश्न तिरके चालतात;
दुसरीत प्रश्न सरळ, घड्याळ मात्र हात धुऊन पाठीमागे.
एसीटी तर इथलीच, पंचवीस मैलांवर आयोवा सिटीत जन्मलेली,
म्हणजे माहेरची म्हणायची.
"माहेरची म्हणून सोपी नसते," सुहास सोफ्यावरून बोलला
आणि पुन्हा घोरू लागला.

मिसेस नोव्होत्नी म्हणाल्यात, दोन्हींचे सराव पेपर सोडव,
जिच्यात कमी रडशील ती निवड.
टेगन दोन्ही देणार आहे, तीन-तीनदा,
तिला शिकवायला डेस मॉइन्सहून माणूस येतो.
आणि काही कॉलेजं म्हणे,
एकही दिली नाहीत तरी चालेल.

चालेल.
ह्या शब्दाला मी फार घाबरते.
लग्न ठरवताना सासरची मंडळी म्हणाली होती,
काही नको, मुलगी आणि नारळ द्या, चालेल.
त्यानंतर बाबांनी मुकाट्यानं काय काय दिलं
ते मला पाठ आहे.

कऱ्हाडात मला निवड नव्हती.
बारावीचा एकच फॉर्म, निळ्या शाईत, बाबांच्या अक्षरात.
मी त्यात फोटोपुरती होते,
आणि खाली सहीपुरती.

"सहा जूनला सॅट, पण तेव्हा बँड मिनेसोटाला जाणार.
तेराला एसीटी. त्या दिवशी आइस्क्रीमच्या दुकानात शिफ्ट आहे,
ती बदलून मिळेल."
एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर
कॅलेंडर असं बसल्या बसल्या देऊन टाकतं.

मग नाव, पत्ता, जन्मतारीख.
मग फॉर्मनं आईचं शिक्षण विचारलं.
यादी जिन्यासारखी खाली उघडली.
ऋजुता न थांबता "पदवी"वर जाऊन उभी राहिली.
मी म्हटलं, एक पायरी वर.
तिनं वाचलं. "थोडं कॉलेज?"
हो.
"किती थोडं?"

बी.एस्सी.ची दोन वर्षं.
तिसऱ्याचं जर्नल निम्मं.
रसायनशास्त्राचा पेपर बावीस तारखेला
आणि विमानाचं तिकीट चौदाचं.
सोफ्यावरचं घोरणं मध्येच थांबलं होतं.

मला वाटलं, आता ही उठेल, गळ्यात पडेल,
आणि मला कोथिंबीर निवडायला लागेल, घाईनं.
तसं झालं नाही.
"हॉल तिकीट आलं होतं?" तिनं विचारलं.
आलं होतं.
"कुठंय?"
पासपोर्टांच्या फायलीत, तुझ्या जन्मदाखल्याच्या मागे.
तिनं मान हलवली, थोड्या कॉलेजवर टिचकी मारली,
पुढचं पान आलं.

"विज्ञानाचा भाग हल्ली ऐच्छिक आहे," ती म्हणाली.
"नाही दिला तरी…"
आणि चालेल म्हणायच्या आधीच थांबली.
"मी घेते तो."

ह्या वेळी क्रियापद बरोबर होतं.
मी पर्समधून कार्ड काढलं
आणि मागचे तीन आकडे तिला सावकाश वाचून दाखवले,
पुसट झालेत ते.